‘गावात जाऊन येते’

धाराशिवला माझी आत्या राहते. मागच्या पावसाळ्याच्या अखेरीस पुण्याचे एक प्राध्यापक मित्र आमच्या महाविद्यालयातील चर्चासत्रासाठी आले होते. त्यांना मी तिच्याकडे जेवायला नेले. वस्तीच्या तोंडाशी लिंबाचे झाड, त्याखाली पार, पारावर चार म्हातारी माणसे, दारापुढे बांधलेल्या शेळ्या, सारवलेले अंगण, भाकरीच्या चुलीचा धूर आणि पत्र्यांच्या वरून मागे दिसणारा हिरवा डोंगर. मित्र हरखून गेले. ‘अगदी गावासारखं आहे हो! जिल्ह्याच्या ठिकाणी इतकं निवांत काही शिल्लक असेल असं वाटलं नव्हतं’, असे ते दोनदा म्हणाले. आत्या काही बोलली नाही. जेवणे झाल्यावर तिला पानसुपारी आणायची होती. तिने पिशवी घेतली, पायात चपला सरकवल्या आणि म्हणाली, ‘बसा तुमी. मी गावात जाऊन येते.’

मित्रांच्या ते कानावरून गेले. खरे सांगायचे तर माझ्याही कानावरून ते आजवर गेलेच होते. आत्या लग्न होऊन या वस्तीत आली त्याला पन्नास वर्षे उलटून गेली. तिचे मतदान नगरपालिकेला, तिची घरपट्टी नगरपालिकेला, तिच्या दारातला नळ नगरपालिकेचा. बाजारपेठ चालत दहा मिनिटांवर. तरी ती बाजाराला जाते तेव्हा ‘गावात’ जाते. शेजारीण दवाखान्यात जाते तीही ‘गावात’ जाते. शाळेतले पोरगेसुद्धा वही आणायला ‘गावात’ जाते. म्हणजे पाहुण्याला ज्या जागेत गाव दिसले, त्या जागेत राहणारी माणसे स्वतःला गावात मोजतच नाहीत. गाव तिकडे आहे. आपण इकडे आहोत.

इतिहास शिकवणाऱ्या माणसाला एवढे वाक्य पुरेसे असावे. इतिहासकार ताम्रपट शोधतात, शिलालेखांचे ठसे घेतात, दप्तरे उलगडतात. आमच्या माणसांच्या नावाने कोणी ताम्रपट कोरला नाही. त्यांच्या नावाने दप्तरात नोंद झाली असेल तर ती बलुत्याच्या, वेठीच्या किंवा गुन्ह्याच्या रकान्यात. मात्र जे कागदावर उतरले नाही ते जिभेवर राहिले. ‘गावात जाऊन येते’ हे तीन शब्दांचे दप्तर आहे, आणि ते अजून बंद झालेले नाही.

जुन्या मराठी गावाचे दोन भाग, पांढरी आणि काळी. पांढरीत माणसांनी राहायचे, काळीत पिकवायचे. पांढरीला गावकूस, गावकुसाला वेस. आमची घरे वेशीबाहेर. बहुतेक ठिकाणी ती गावाच्या पूर्वेला असत. वारा बहुतेक काळ पश्चिमेकडून वाहतो, तो आमच्या अंगावरून गावात जाऊ नये एवढीच त्यामागची नगररचना! वेशीबाहेर राहूनही वेशीची राखण मात्र आमच्याकडे. येसकर आमचा, तराळ आमचा, सांगावा घेऊन रात्री-बेरात्री जाणारा आमचा, मेलेले ढोर ओढणारा आमचा. ज्याला गावात घर नाही त्याच्याशिवाय गावाचे पान हलत नव्हते.

धाराशिवचे गाव शहर झाले ते फार जुन्या काळी नव्हे. हा मुलूख निजामाचा. १८५३ च्या तहाने वऱ्हाडासोबत नळदुर्ग-धाराशिवकडचा भाग इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि १८६० साली निजामाकडे परत आला. जिल्ह्याचे ठाणे तेव्हा नळदुर्गला होते. ते धाराशिवला आले विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, आणि मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून गावाला उस्मानाबाद हे नाव मिळाले. मग कचेरी आली, तुरुंग आला, दवाखाना आला, वकील आले. गावकूस पडले, वेशीचे दगड कोणाकोणाच्या पायात गेले. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचे राज्य गेले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. शहर पसरत पसरत आमच्या वस्तीला वळसा घालून पुढे निघून गेले. वस्ती आहे तिथेच राहिली. पूर्वी ती गावाच्या बाहेर होती, आता ती शहराच्या आत आहे. एवढाच फरक. २०२३ साली शहराला पुन्हा धाराशिव हे नाव मिळाले. फलक बदलले, एस.टी.च्या पाट्या बदलल्या. ज्याला नावाचा आनंद झाला त्याला तो होवो. आत्याच्या बोलण्यात या शहराला दोन्ही काळांत एकच नाव होते, ‘गाव’.

आता कोणी म्हणेल की ही नुसती सवय आहे, जिभेला लागलेले वळण आहे. तसे असते तर मी हा लेख लिहिला नसता. वळण लागायला रस्ता लागतो. हा रस्ता वतनाने पाडला.

आमच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी एक कथा असते. बिदरच्या बादशहाच्या राणीला सोडवून आणणाऱ्या अमृतनाकाने स्वतःसाठी काही न मागता जातीसाठी बावन्न हक्क मागितले, आणि बादशहाने ते दिले. बिदर आमच्या जिल्ह्यापासून लांब नाही, त्यामुळे ही कथा इकडे शेजारच्या गल्लीतली गोष्ट सांगावी तशी सांगतात. लहानपणी मला ती ऐकून अभिमान वाटे. पुढे त्या बावन्न हक्कांची यादी वाचली तेव्हा घाम फुटला. खळ्यावर उरलेले धान्य, मेलेल्या जनावराचे कातडे, लग्नातले उरलेसुरले, मढ्यावरचे कापड. यांना हक्क म्हणायचे! ज्या समाजाकडून दिवसरात्रीची चाकरी घ्यायची आहे त्याला उष्ट्याचा अधिकार द्यावा, आणि त्या अधिकाराची कथा त्यानेच अभिमानाने सांगावी, इतकी ही व्यवस्था हुशार होती.

बाबासाहेबांनी हे नेमके ओळखले होते. वतन ही जमीन नव्हे, वतन हा दोर आहे. मुंबई इलाख्यात १८७४ च्या वतन कायद्याने महारांची चाकरी बांधलेली होती. त्यात दुरुस्ती करणारे विधेयक त्यांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात मांडले. वतनदार कामाला गेला नसेल तर घरातल्या दुसऱ्याला ओढून न्यायचे, म्हाताऱ्या बापाला न्यायचे; कामाला वेळ नाही, मोबदल्याला माप नाही. हा सगळा हिशेब त्यांनी सभागृहापुढे ठेवला. विधेयक पार पडले नाही. प्रश्न मात्र त्यांनी सोडला नाही.

आणि इथे आमचा जिल्हा इतिहासात येतो. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदारांची परिषद भरली, आणि बाबासाहेब तिला स्वतः आले. तडवळे आज धाराशिव जिल्ह्यात आहे. तेव्हा ते इंग्रजी मुलखात, सोलापूर जिल्ह्याच्या बार्शी तालुक्यात होते. अडीच फूट रुळांची बार्शी लाईट रेल्वे तिथून लातूरकडे जात असे. आजूबाजूला सगळी मोगलाई, मध्येच इंग्रजी मुलखाची जीभ. इंग्रजांचा वतन कायदा मोगलाईत लागू नव्हता. पण वेठ सगळीकडे सारखीच होती, ती सरहद्दीपाशी थांबत नव्हती. मला या परिषदेत तारखेपेक्षा तिचे नाव महत्त्वाचे वाटते. महार आणि मांग. ज्या दोन जातींना एकमेकींच्या पाण्याचा विटाळ मानायला शिकवले, त्या दोन जाती एका मांडवाखाली बसवून त्यांच्यापुढे एकच प्रश्न ठेवला. आज या जोडनावातला जोड किती ठिकाणी टिकला आहे, हे आपले आपल्याला विचारून पाहावे.

आत्याचे सासरे त्या परिषदेला चालत गेले होते, असे घरात सांगतात. भाषणातले त्यांना काय आठवत होते, असे मी आत्याला विचारले. ती म्हणाली, ‘भाषण काय सांगत नव्हते. सायबाला बगितलं, एवढंच सांगायचे. अन् आल्यावर गावाचा सांगावा आला तर म्हणाले, आज जमत नाही.’ आज जमत नाही! आमच्या घराण्याच्या इतिहासात नकाराची मला सापडलेली पहिली नोंद ही.

पाहुणे पुण्याला गेले. त्यांचे ‘गावासारखं’ मात्र माझ्या डोक्यात राहिले. पुढच्या रविवारी मी आत्याला म्हणालो, ‘चल, हातलाईच्या डोंगरावर जाऊ.’ सोबत वर्गातले चार विद्यार्थी घेतले. हातलाईचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याचे तळे हे धाराशिवकरांचे फिरण्याचे ठिकाण. सुटीच्या दिवशी तिथे माणसे येतात, डबे सोडतात, फोटो काढतात. वरून बालाघाटाच्या रांगा दिसतात, पावसानंतरचे गवत वाऱ्यावर लवते, तळ्यात आभाळ उतरते आणि शहर खाली अंथरल्यासारखे दिसते. नजारा सुंदर आहे, हे मी नाकारत नाही. गरिबाच्या लेखणीने सौंदर्याचा तिरस्कारच करावा, असा नियम नाही.

आत्याने वर येऊन गुडघे चोळले. मी म्हणालो, ‘आत्या, कसं दिसतंय?’

‘बराय की.’

‘याआधी आली नव्हतीस?’

‘आलेली की. लई दा. सरपणाला यायचो आमी. तवा बगायला कुठं वेळ होता लेकरा? मोळी डोक्यावर असली की मान वर होत नाही.’

विद्यार्थ्यांपैकी एक जण मोबाइलने फोटो घेत होता, तो थांबला.

या डोंगराकडे पाहणारे डोळे आणि या डोंगरावर राबणारे हात हे कायम वेगवेगळ्या माणसांचे होते. आमच्या मुलखाचे निसर्गवर्णन इंग्रजी साहित्यात नेणारा माणूस म्हणजे मेडोज टेलर. ठगाच्या कबुलीजबाबाची त्याची कादंबरी प्रसिद्ध आहे. १८५३ मध्ये हा भाग इंग्रजांकडे आला तेव्हा नळदुर्गला कारभारासाठी त्यालाच नेमले होते. त्याची १८६३ सालची ‘तारा’ ही कादंबरी तुळजापूरच्या परिसरात घडते. माणूस सहृदय होता, त्याने इथे रस्ते आणि तलाव केले, हेही खरे. पण त्याच्या मुक्कामाचे सामान डोक्यावरून कोण वाहत होते? सरकारी अंमलदाराचे ओझे एका गावच्या शिवेपासून पुढच्या गावच्या शिवेपर्यंत पोचवणे हे कोणाच्या वाट्याचे काम होते? निसर्ग पाहायला मान मोकळी लागते. ती मोकळी ठेवण्यासाठी दुसऱ्या कोणाची तरी मान ओझ्याखाली गेलेली असते.

आणि मान मोकळी झाली तरी पाहू देतातच असे नाही. १९३४ साली बाबासाहेबांच्या सहकाऱ्यांनी सहलीला जायचा बेत केला आणि त्यांना सोबत येण्याचा आग्रह धरला. वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच असे ठरले होते. औरंगाबादकडून वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासाने सगळे धुळीने माखलेले. किल्ल्याच्या दारापाशी भरलेला हौद होता, त्यात काहींनी हातपाय आणि तोंड धुतले. तेवढ्यात एक म्हातारा ओरडत आला की धेडांनी हौद बाटवला. गर्दी जमली, शिव्या सुरू झाल्या, प्रकरण हातघाईवर येऊ लागले. अखेर किल्ला पाहू दिला तो या अटीवर, की आत कुठेही पाण्याला शिवायचे नाही. आणि लक्ष ठेवायला सोबत शस्त्रधारी शिपाई दिला. बाबासाहेबांनी हे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये स्वतः लिहून ठेवले आहे. मी ते वर्गात सांगतो तेव्हा विद्यार्थी हौदाबद्दल विचारतात. मला त्यातली सहल महत्त्वाची वाटते. परदेशात शिकलेला, गोलमेज परिषदेत बसून आलेला माणूस आपल्याच मुलखातला एक डोंगरी किल्ला पाहायला गेला, आणि त्याच्या मागे बंदूक चालली. स्थळदर्शन हीसुद्धा लढून मिळवावी लागलेली गोष्ट आहे. आत्या सत्तरीत पहिल्यांदा रिकाम्या डोक्याने डोंगर चढली. याकडे नव्वद वर्षांपूर्वीच्या त्या सहलीशी जोडून पाहावे, अशी माझी वाचकांना विनंती आहे.

डोंगरावर बसल्या बसल्या विद्यार्थ्यांनी धाराशिव लेण्यांचा विषय काढला. ती शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर, याच बालाघाटाच्या एका घळीत आहेत. एकाने विचारले, ‘सर, लेणी आपली का जैनांची?’ त्याच्या डोळ्यांत उत्तर आधीच तयार होते. ती बौद्ध लेणी आहेत आणि ती आपल्याला परत मिळाली पाहिजेत, अशा आशयाचा मजकूर त्याच्या मोबाइलवर फिरत होता.

या प्रश्नावर मी थोडे थांबून लिहितो, कारण आपल्या चळवळीत त्यावर सवंग बोलले जाते. या गटात सात लेणी आहेत. मुख्य लेण्याचा मंडप साधारण ऐंशी फूट लांब आणि तेवढाच रुंद, भोवती भिक्षूंच्या खोल्या, मागे गाभारा, आणि गाभाऱ्यात नागफण्याखाली पद्मासनात बसलेला पार्श्वनाथ. मंडपाची मांडणी अजिंठ्याच्या वाकाटककालीन विहारांशी जुळते. त्यामुळे काही अभ्यासकांनी मुळात हा बौद्ध विहार असावा आणि नंतर तो जैनांकडे गेला, असे मत मांडले. बर्जेसने एकोणिसाव्या शतकात या लेण्यांचे वर्णन केले ते जैन लेणी म्हणूनच. कनकामर मुनींच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात करकंड राजाला तेरापूरच्या डोंगरात पार्श्वनाथाचे लेणे सापडल्याची कथा आहे. हिरालाल जैन यांनी ते काव्य १९३४ साली संपादून प्रसिद्ध केले आणि ती कथा या लेण्यांशी जोडली. म्हणजे वाद आहे, पुरावा दोन्हीकडे खेचता येतो, आणि आत आज मूर्ती जैनांची आहे. मी त्या मुलाला एवढेच म्हणालो, की आपण १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्म घेतला तो कोणत्या लेण्याच्या सातबाऱ्यावर नाव लावण्यासाठी नव्हे. ज्यांनी हजारो वर्षे आमचा इतिहास पुराव्यावाचून लिहिला त्यांची पद्धत आपण उचलायची नाही. त्याला ते आवडले नाही. न आवडो.

पण याचा अर्थ या जिल्ह्यात बुद्धाचे काही नाही असा कोणी काढू नये. धाराशिवपासून जवळच तेर आहे. ‘पेरिप्लस’मध्ये ज्या तगर नगराचा उल्लेख येतो, पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, जिथले कापड गाड्यांवरून भडोचच्या बंदराला जाई, ते हेच तेर, हे फ्लीटने १९०१ साली दाखवले. तिथले त्रिविक्रमाचे मंदिर मुळात विटांचे चैत्यगृह आहे. हेन्री कझिन्सने ते ओळखले. उत्खननात विटांच्या स्तूपाचे अवशेष निघाले. तिथल्या संग्रहालयात रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तू आहेत, पोम्पेईत सापडलेल्या हस्तिदंती बाहुलीची आठवण करून देणारी हस्तिदंती बाई आहे. तेरला जायला माझ्या विद्यार्थ्यांना कोणी सांगत नाही. मोबाइलवरचा मजकूर तेरचे नाव घेत नाही, कारण तेरमध्ये भांडायला कोणी समोर नाही!

लेण्यांबद्दल खरा प्रश्न आत्याने विचारला. मी तिला मागे एकदा तिथे नेले होते. ती मंडपात उभी राहून बराच वेळ छताकडे पाहत राहिली. १९७२ च्या दुष्काळात ती पोरसवदा होती, लग्न व्हायचे होते. दुष्काळी कामावर तिने खडी फोडली आहे. मिलो आणि सुकडीवर दिवस काढलेत, मस्टरवर अंगठा उठवून आठवड्याची मजुरी घेतली आहे. तिच्या डाव्या हाताच्या बोटावर त्या हातोड्याचा वळ अजून आहे. ती म्हणाली, ‘एवढा दगड मानसानं फोडला म्हणायचा? रोज काय देत होते रं यांना?’

मी इतिहासात एम.ए. आहे. मी या लेण्यांवर वाचले आहे. शैली, काळ, राजवंश, दान, मूर्ती, सगळे वाचले आहे. रोज काय देत होते, हे मी कुठे वाचले नाही, आणि असा प्रश्न असू शकतो हे मला कोणत्या गुरुजींनी शिकवले नाही. लेणे बौद्धांचे की जैनांचे यावर शंभर वर्षे शाई खर्च झाली. छिन्नी कोणाच्या हातात होती? तो संध्याकाळी कुठे झोपायला जात होता? डोंगरातच, की कोणत्या तरी गावाच्या पूर्वेला?

डोंगरावरून शहर पाहताना एक गोष्ट मुलांना दाखवायची होती. मी म्हणालो, जुने गाव कुठे होते ते शोधा. त्यांना ते जमले. ख्वाजा शम्सुद्दीन गाझींचा दर्गा, भोगावतीचे पात्र, दाट घरांचा पुंजका. मग म्हणालो, आता वस्त्या शोधा. तेही जमले. झाडे कमी, पत्रे जास्त, बोळ अरुंद, आणि जुन्या पुंजक्यापासून एक विशिष्ट अंतर. आता मध्ये पक्के रस्ते आणि दुमजली इमारती उभ्या राहिल्या आहेत, रमाई घरकुलाची सिमेंटची घरेही पत्र्यांमध्ये मिसळली आहेत. पण ते अंतर वरून ओळखू येते. जमिनीवरून चालताना ते लक्षात येत नाही. पुण्याच्या मित्रांना मी आधी इथे आणायला हवे होते.

हे अंतर कालांतराने आपोआप मिटेल असे म्हणणारे भेटतात. त्यांना मी उमरगा-लोहाऱ्याकडे जायला सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि आमच्या जिल्ह्यात मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. सास्तूरसारखी गावे मातीला मिळाली. मातीच्या जाड भिंती आणि दगडांचे वाडे अंगावर पडले. त्या रात्री वाडा आणि झोपडी यांत मृत्यूने भेद केला नाही. उलट कुडाच्या घरात झोपलेली माणसे काही ठिकाणी वाचली आणि वाड्यातली गेली. पुढे बावन्न गावे नव्या जागी वसवली. (बावन्न! हा आकडा आमची पाठ सोडत नाही.) मराठी गाव कोऱ्या कागदावर नव्याने आखायची अशी संधी आपल्या इतिहासात क्वचित आली असेल. सरळ रस्ते आखले, चौकोनी भूखंड पाडले, सिमेंटची घरे बांधली. आणि मग घरे वाटताना अनेक ठिकाणी ‘जुन्या शेजाराप्रमाणे’ वाटली. जुना शेजार म्हणजे काय ते सांगायला नको. गावकूस पडून गेले होते, वेस गाडली गेली होती, तरी गल्लीच्या क्रमांकावरून जात सांगता येईल असे गाव पुन्हा उभे राहिले. मी स्वतः अशा एका नव्या गावात पाहुणा म्हणून गेलो आहे. पत्ता विचारला तर समोरच्याने आधी आडनाव विचारले, मग बोट दाखवले.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीपुढे बाबासाहेबांनी खेड्यांच्या प्रेमात पडलेल्यांना जे कठोर शब्द ऐकवले ते पुष्कळांना झोंबले. आजही झोंबतात. आमच्याच काही कवींना हल्ली गावाची ओढ लागली आहे. लिंब, पार, चूल, शेणाचा वास यांच्या आठवणींनी ते हळवे होतात. आईच्या हातची भाकर कोणाला आठवत नाही? पण भाकर आईची होती. गावाची नव्हती. गावाची भाकर मागून आणलेली असे, आणि ती कशी मिळे हे मागणाऱ्याला विचारा.

ऊन उतरल्यावर आम्ही खाली आलो. लांब डोंगराच्या माथ्यावर पवनचक्क्या फिरत होत्या. पायथ्याशी आत्याने हात जोडायला वर नेले आणि मध्येच मागे घेतले. डोंगराला देवीचे नाव आहे, आणि छप्पन साल तिच्या जन्मानंतरचे. मुले हसली. तीही हसली. मी त्यावर काही बोललो नाही. धर्मांतर हातांपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि तो घेण्याचा तिला हक्क आहे.

त्या दिवसापासून या चार मुलांनी एक काम घेतले आहे. फुलस्केप वही करून ती वस्तीतल्या घरोघर जातात. घर कोणी बांधले, आधी कुडाचे होते का पत्र्याचे, पक्के कोणत्या साली झाले, पाणी कुठून आणत होता, गावकीची कामे कोणाकडे होती, ती कधी आणि कशी सोडली. पहिल्याच दिवशी मुले वैतागून आली. म्हणाली, सर, कोणी साल सांगतच नाही. मी वही पाहिली. कोणी ‘दुष्काळात’ म्हटले होते, कोणी ‘भूकंपाच्या आदल्या साली’, कोणी ‘सायेब गेले तवा मी पाळण्यात होते’. मी म्हणालो, हीच साले आहेत. ती जशी सांगतात तशीच लिहा, आकडा शेजारी कंसात मांडा.

मागच्या आठवड्यात मी त्यांच्यासोबत गेलो. पारावरच्या एका म्हाताऱ्या बाबांपाशी आम्ही बसलो. त्यांनी १९७८ च्या जुलैचे सांगितले. विधिमंडळात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आमची घरे पेटू लागली. १४ जानेवारी १९९४ ला नाव लागले, ते नामविस्तार होऊन. आज धाराशिवच्या विद्यापीठ उपकेंद्राच्या फलकावर ते दिसते. त्या उपकेंद्रात शिकलेला एक मुलगा आता समोर वही घेऊन बसला होता.

‘नामांतराच्या साली आठ दिस कोणी गावात गेलं नाही’, बाबा म्हणाले. ‘पीठ संपलं, मीठ संपलं. लेकरांना नुसत्या हुलग्याचं माडगं. पण गावात कोणी गेलं नाही.’

मुलाने १९७८ हा आकडा कंसात लिहिला. मग पेन तसेच धरून त्याने विचारले, ‘कोणत्या गावात, बाबा?’

बाबांनी काठी उचलून बाजारपेठेकडे केली.